आदिलाबादचा हिवताप आणि भारित मच्छरदाणी

(आदिलाबाद जिल्ह्यातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा हा शेतकऱ्याच्या आशेचा ऋतू होय. मृगाच्या सरी कोसळल्या की पैनगंगेच्या तीरापासून सातमाळ्याच्या डोंगररांगांपर्यंत आदिलाबादच्या काळ्या रानात पेरणीची लगबग सुरू होते. कपाशी, ज्वारी, तूर आणि सोयाबीन यांच्या तासांतून हिरवे अंकुर वर येतात, उन्हाळाभर कोरडे पडलेले ओढे खळाळू लागतात. परंतु ह्याच दिवसांत, निंदणीची घाई ऐन भरात आली असता, घरातील कर्ते माणूस हुडहुडी भरून अंथरुणाला खिळते. घोंगडीवर घोंगडी घातली तरी थंडी जात नाही. मग अंग तापाने फणफणते, शेवटी दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. एक दिवस बरा जातो आणि तिसऱ्या दिवशी तोच फेरा पुन्हा सुरू होतो. ह्या रोगाला जुन्या माणसांनी ‘हिवताप’ हे नाव दिले, ते किती यथार्थ आहे हे ज्याने तो भोगला आहे त्यालाच ठाऊक.

हिवतापाने मजुरी बुडते, पीक तणात जाते, औषधपाण्यासाठी कर्ज होते. गर्भवती स्त्रीला तो झाला तर तिच्या अंगातील रक्त कमी होते आणि मूल कमी वजनाचे जन्मते. त्यातही ‘फाल्सिपेरम’ ह्या जातीचा हिवताप मेंदूपर्यंत पोहोचला तर दोन-चार दिवसांत धडधाकट मूलही दगावते. १९९८ च्या पावसाळ्यात ह्याच जिल्ह्याच्या आदिवासी भागात तापाच्या साथीने अनेक बळी घेतले, त्याची आठवण आजही गोंड आणि कोलाम यांच्या गुड्यांतून पुसली गेलेली नाही.

शत्रूची ओळख

फार पूर्वी हा रोग दलदलीतून उठणाऱ्या वाईट हवेमुळे होतो अशी समजूत होती. ती समजूत खोटी ठरविणारा शोध आदिलाबादहून सुमारे तीनशे किलोमीटरवर, सिकंदराबादेतील बेगमपेठ येथे लागला, ही गोष्ट तेलंगणातील प्रत्येक शाळेत सांगितली जावी अशी आहे. लष्करातील डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चाववून घेतले व त्याबद्दल त्याला दर डासामागे एक आणा दिला. २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाचे जंतू दिसले. पुढील वर्षी कलकत्ता येथे पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून डासाच्या दंशातून रोग पसरतो हे त्यांनी सिद्ध केले. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळण्यात येतो.

हिवताप पसरविणारा डास ॲनोफेलीस जातीचा असतो. भिंतीवर बसला म्हणजे त्याचे शरीर तिरके, मागची बाजू वर उचललेली दिसते. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा डास वेगळा. हा डास स्वच्छ, संथ पाण्यात अंडी घालतो. ओढ्याच्या कडेची डबकी, नदीपात्रातील खड्डे, भाताची खाचरे, कालव्याची गळती, न वापरलेल्या विहिरी ही त्याची जन्मस्थाने. डोंगरातून झिरपणाऱ्या झऱ्यांतही त्याची एक जात वाढते. ज्या पाण्याच्या आधाराने गाव वसले, त्याच पाण्याच्या कडेला डासही वसला आहे, हीच ह्या प्रदेशातील खरी अडचण होय.

१९६५ चा धडा

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि त्यांपैकी सुमारे आठ लाख माणसे मृत्युमुखी पडत, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. गावोगाव डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत देशातील रुग्णांची संख्या केवळ एक लाखाच्या आसपास आली. रोग गेला, असे सर्वांना वाटले. फवारणीत ढिलाई आली, डास औषधाला सरावले, तपासणी मागे पडली. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांत, १९७६ मध्ये, रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. १९७७ मध्ये संपूर्ण कार्यक्रमाची फेरआखणी करावी लागली.

हा इतिहास आज पुन्हा सांगण्याचे कारण असे की, देश पुन्हा एकदा तशाच वळणावर उभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये भारतात हिवतापाचे सुमारे ६४ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये ती संख्या सुमारे २० लाखांवर आली. २०२४ मध्ये भारत ह्या रोगाचा अतिभार असलेल्या देशांच्या गटातून बाहेर पडला. २०३० पर्यंत देशातून हिवतापाचे निर्मूलन करण्याचे ध्येय राष्ट्रीय आराखड्याने २०१६ मध्येच समोर ठेवले आहे. परंतु रोग जसजसा आटतो तसतसा तो जंगलाच्या, डोंगराच्या, सीमेवरच्या वस्त्यांत दडून बसतो. विझत आलेल्या आगटीत एक निखारा राहिला तरी वाऱ्यासरशी गंजी पेटते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. तो अखेरचा निखारा विझविण्याचे एक साधन म्हणजे कीटकनाशक भारित मच्छरदाणी.

आफ्रिकेतील खेड्यांचा अनुभव

साध्या मच्छरदाणीस भोक पडले अथवा झोपेत हात तिला टेकला, तर डास चावतोच. भारित मच्छरदाणीच्या धाग्यात मात्र कीटकनाशक औषध असते. तिच्यावर बसलेला डास मरतो किंवा दूर पळतो. हे औषध माणसास अपायकारक ठरू नये अशा बेताचे असते.

ह्या मच्छरदाणीची खरी परीक्षा पश्चिम आफ्रिकेतील गाम्बिया ह्या चिमुकल्या देशाच्या खेड्यांत झाली. गाम्बिया नदीच्या काठी भात पिकविणारी, पावसाळ्यात डासांनी गांजलेली ही खेडी आदिलाबादच्या खेड्यांहून फार निराळी नव्हती. तेथील लोक पूर्वीपासून मच्छरदाणी वापरीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच मच्छरदाण्या कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवून वाळविण्यात आल्या. गावातीलच आरोग्यसेवकांनी लोकांना बरोबर घेऊन हे काम केले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. पुढे इतर देशांतही असे प्रयोग झाले. त्या सर्वांचा एकत्रित आढावा घेता बालमृत्यू सुमारे १७ टक्क्यांनी आणि हिवतापाचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे आढळले. २००० ते २०१५ ह्या पंधरा वर्षांत आफ्रिकेत हिवतापाचे जे सुमारे ६६ कोटी प्रसंग टळले, त्यांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक प्रसंग एकट्या मच्छरदाणीने टाळले, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

परंतु गाम्बियाच्या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. त्या काळी मच्छरदाणीला वेळोवेळी नव्याने औषध लावावे लागे. सुरुवातीला ते मोफत मिळे. पुढे त्यासाठी पैसे आकारले जाऊ लागताच औषध लावून घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. मच्छरदाण्या घरोघर होत्या, पण त्यांतील बळ गेले होते. आता धाग्यातच औषध मुरविलेल्या, सुमारे तीन वर्षे आणि वीस धुण्यांपर्यंत टिकणाऱ्या मच्छरदाण्या निघाल्या आहेत, त्यामुळे ती अडचण दूर झाली. तथापि मूळ धडा कायम आहे. मच्छरदाणी घरात असणे आणि तिचा उपयोग होणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ओडिशाचे उदाहरण तर अगदी जवळचे आहे. तेथे २०१७ मध्ये एक कोटीहून अधिक भारित मच्छरदाण्या वाटण्यात आल्या. त्याबरोबरच दुर्गम वस्त्यांत जाऊन ताप असो वा नसो, सर्वांचे रक्त तपासण्यात आले. त्या वर्षी राज्यात साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले होते. २०१८ मध्ये ती संख्या सुमारे ६६ हजारांवर आली. मात्र २०२३ पासून तेथील रुग्ण पुन्हा वाढू लागले आहेत. हिवताप पाठ फिरवणाऱ्याची वाट पाहत असतो, हे पुन्हा एकदा दिसून आले.

एका मच्छरदाणीने गाव कसे वाचते

पुष्कळांना वाटते की, मच्छरदाणीत झोपणारा तेवढा सुरक्षित राहतो, इतरांस त्याचा काय लाभ? ह्याचे उत्तर डासाच्या जीवनक्रमात आहे. माणसाला चावते ती डासाची मादी. रुग्णाच्या रक्तातून जंतू तिच्या पोटात गेले तरी ती लगेच रोग देऊ शकत नाही. जंतूंची वाढ होऊन ते तिच्या लाळेत उतरण्यास साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढे दिवस ती जगली, तरच ती घातक ठरते. परंतु अंडी घालण्यासाठी तिला दर दोन-तीन दिवसांनी रक्त हवे असते. म्हणजे रोग देण्याची शक्ती अंगी येण्यापूर्वी तिला चार-पाच वेळा माणसाजवळ किंवा जनावराजवळ यावेच लागते. गावात घरोघर भारित मच्छरदाणी लावलेली असेल, तर ह्या चार-पाच फेऱ्यांपैकी एखाद्या फेरीत ती औषधाला टेकते आणि मरते. त्यामुळे गावातील बहुतेक माणसे मच्छरदाणीत झोपू लागली, म्हणजे ज्याच्याकडे ती नाही अशा शेजाऱ्याचेही काही अंशी रक्षण होते. उलट दहा घरांपैकी दोनच घरांनी ती लावली, तर डास उरलेल्या आठ घरांत पोसला जातो. यास्तव मच्छरदाणी ही घराची वस्तू असली तरी तिचे काम गावकीचे आहे.

ह्या भागात तिची विशेष गरज का?

भिंतींवरील औषधफवारणी हा उपाय चांगला आहे व तो चालूच राहिला पाहिजे. परंतु फवारणीनंतर अडीच-तीन महिने भिंत सारवू नये, असा नियम आहे. गोंड, कोलाम आणि परधान यांच्या घरी पोळा आणि दिवाळीतील दंडारीचा उत्सव आला की, भिंती मातीने सारवून स्वच्छ केल्या जातात. ही सुंदर परंपरा आहे, पण सारवलेल्या मातीखाली औषध गाडले जाते. मच्छरदाणीचे तसे नाही. ती कोणत्याही सणाच्या आड येत नाही.

तथापि ह्या भागातील जीवनात तिच्या वापराला तीन ठिकाणी खंड पडतो आणि डास नेमक्या त्याच ठिकाणी वाट पाहत असतो.

पहिले ठिकाण म्हणजे शेत. पीक उभे राहिले की रानडुकरांपासून राखण करण्यासाठी पुरुष माळ्यावर किंवा खोपीत रात्र काढतात. घरी बायकामुले मच्छरदाणीत सुरक्षित असतात, आणि ज्याच्या कष्टावर घर उभे आहे तो उघड्यावर झोपतो. त्याला हिवताप झाला म्हणजे जंतूही त्याच्याबरोबर घरी येतात. यास्तव प्रत्येक घराच्या गणतीत शेतातील खोपीची मच्छरदाणी धरलीच पाहिजे. चार बांबूच्या काठ्यांवर ती माळ्यावरही सहज ताणता येते.

दुसरे ठिकाण म्हणजे पाहुणचार. दंडारीच्या दिवसांत नर्तकांचे जथे एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, तेथे मुक्काम करतात. कापूस वेचणीसाठी पैनगंगेच्या अलीकडचे मजूर पलीकडे आणि पलीकडचे अलीकडे जातात. डासाला राज्याची सीमा कळत नाही आणि जंतूला भाषा कळत नाही. मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू, साऱ्यांच्या रक्तात तो सारखाच वाढतो. पाहुण्याला पाणी आणि चटई देताना मच्छरदाणीही द्यावी, अशी रीत गावाने पाडली, तर पाहुणा आणि यजमान दोघेही वाचतील.

तिसरे ठिकाण म्हणजे आश्रमशाळा. एका दालनात पन्नास मुले झोपतात. त्यांतील एकाच्या रक्तात जंतू असले तर डासाला दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही. सुट्टीहून परतलेले मूल गावचा ताप शाळेत आणते आणि सणाला घरी गेलेले मूल शाळेचा ताप गावी नेते. शिक्षकाने निजण्यापूर्वीची हजेरी घेताना मुलांबरोबर मच्छरदाण्यांचीही हजेरी घेतली, तर अध्यापनाइतकेच मोठे कार्य त्याच्या हातून घडेल. ज्या मुलाला शाळेत मच्छरदाणी खोचण्याची सवय लागते, ते मूल घरी जाऊन आजीलाही ती खोचावयास लावते.

तक्रारी आणि त्यांची उत्तरे

मच्छरदाणीत उकडते, ही सर्वांत मोठी तक्रार. ती खरी आहे. आदिलाबादचा उन्हाळा कडक असतो. अशा वेळी खाट अंगणात घ्यावी, पण मच्छरदाणीसह घ्यावी. नव्या मच्छरदाणीमुळे तोंडाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, अशीही तक्रार ऐकू येते. ती पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत, वाऱ्यावर टांगून ठेवावी. त्यानंतर हा त्रास सहसा होत नाही.

धुताना साधा साबण आणि थंड पाणी वापरावे. दगडावर आपटू नये, कपडे पांढरे करणारी पावडर वापरू नये, उन्हात वाळत घालू नये. कडक उन्हाने औषध कमजोर होते. वर्षात चार-पाच धुणी पुरेत. धुण्याचे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नये, कारण ते औषध माशांना घातक आहे. त्याच कारणाने जुन्या वा नव्या मच्छरदाणीने मासे धरू नयेत. तिने भाजीच्या वाफ्यांना कुंपण घालणे किंवा कोंबड्या झाकणे हेही योग्य नव्हे. भोक पडले तर सुईदोऱ्याने शिवावे. निजताना तिची कडा अंथरुणाखाली चोहोबाजूंनी खोचावी. घरात मच्छरदाण्या कमी असतील तर गर्भवती स्त्री आणि पाच वर्षांखालील मुले यांचा मान पहिला. नवी मच्छरदाणी लेकीच्या रुखवतासाठी किंवा मोठ्या पाहुण्यासाठी पेटीत जपून ठेवण्यात कोणाचेच हित नाही.

मच्छरदाणी सर्व काही करू शकत नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. संध्याकाळी माणसे जागी असतानाही डास चावतो. काही भागांतील डास औषधाला सरावू लागले आहेत, म्हणून दोन औषधांचा संयोग असलेल्या नव्या मच्छरदाण्या पुढे आल्या आहेत. डबकी बुजविणे, विहिरीत गप्पी मासे सोडणे, घराभोवती पाणी साचू न देणे ही कामे मच्छरदाणीने संपत नाहीत. आणि ताप आला तर चोवीस तासांच्या आत आशा कार्यकर्तीकडून रक्त तपासून घेणे, हा नियम तर कोणीही मोडू नये. बोटाच्या टोकाच्या थेंबभर रक्तावरून पाव तासात निदान होते आणि औषध मोफत मिळते. एक प्रकारच्या हिवतापात चौदा दिवस गोळ्या घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून उरलेल्या गोळ्या कोनाड्यात ठेवल्या, तर यकृतात दडलेले जंतू काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. झटके येणे, भान हरपणे, सतत उलट्या होणे, लघवी काळसर होणे ही लक्षणे दिसताच भगताची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

कर्मचाऱ्यांचे कर्तव्य

येथे अधिकारीवर्गालाही एक गोष्ट आदरपूर्वक सांगितली पाहिजे. मच्छरदाण्यांचा ट्रक गावात आला, सह्या-अंगठे झाले, छायाचित्र निघाले, की नोंदवहीत ‘वाटप पूर्ण’ असा शेरा पडतो. खरे काम त्या शेऱ्यानंतर सुरू होते. मच्छरदाण्या किती दिल्या, ह्यापेक्षा रात्री नऊ वाजता किती टांगलेल्या दिसल्या, हा आकडा रोगाशी अधिक जवळचा आहे. दोन माणसांमागे एक ह्या हिशेबाने त्या मिळाल्या का, शेतातील खोपीसाठी मिळाली का, तीन वर्षांनी जुन्या बदलून मिळाल्या का, हे प्रश्न गावाने विचारावेत आणि कर्मचाऱ्याने त्यांची उत्तरे द्यावीत. गावकऱ्याने मच्छरदाणी वापरली नाही म्हणून त्याला दोष देणे सोपे आहे. पण फाटलेली मच्छरदाणी बदलून मागणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठविणाऱ्या व्यवस्थेचा दोष त्याहून लहान नाही.

ह्या जिल्ह्याला असे प्रश्न उघडपणे विचारण्याची परंपरा आहे. केसलापूर येथे पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तेथे १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने दरबाराची प्रथा सुरू झाली. डोंगरातील माणसाने अधिकाऱ्यापुढे बसून आपले गाऱ्हाणे मांडावे, हा तिचा हेतू. जमिनीचे आणि रस्त्याचे प्रश्न जसे त्या दरबारात निघतात, तसा मच्छरदाणीचाही प्रश्न निघावा. जत्रेनंतर पावसाळ्याला चार-पाच महिन्यांचा अवधी असतो. मागणी नोंदवून पुरवठा करण्यास तो पुरेसा आहे. किकरीच्या साथीवर गोंडांच्या पूर्वजांच्या कथा गाणारे परधान गायक ह्या भागातील गावोगाव मानले जातात. आरोग्याचा निरोप त्यांच्या मुखातून गेला, तर तो भित्तिपत्रकापेक्षा खोलवर रुजेल.

बंधुभगिनींनो, रॉस यांनी शत्रूची ओळख पटविली त्याला सव्वाशे वर्षे उलटली. हा रोग कशाने होतो आणि कशाने टळतो, हे आज प्रत्येक आशा कार्यकर्तीस ठाऊक आहे. आता उणीव आहे ती रोज रात्री दोन मिनिटे खर्च करण्याची. दिवा मालवण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या माणसाने एकदा पाहावे की, सर्वांची मच्छरदाणी खोचली आहे का, आणि शेतावर गेलेल्याने आपली बरोबर नेली आहे का. गुड्यातल्या प्रत्येक घरी हा नेम सलग काही पावसाळे पाळला गेला, तर निंदणीच्या दिवसांत घोंगडीखाली कुडकुडणारे माणूस ह्या जिल्ह्यातील पुढच्या पिढीला केवळ गोष्टीतूनच ठाऊक राहील.